पाटाच्या काठाने मदैरा

पहिला दिवस : वारा

लिस्बनहून निघालेले आमचे विमान पावणेदोन तासांत पोर्तुगालच्या मदैरा बेटाच्या डोक्यावर आले खरे, परंतु उतरायचे नाव घेईना. खिडकीतून एकदा हिरवा डोंगर, एकदा फेसाळ लाटा, पुन्हा तोच डोंगर असे तीन फेरे झाल्यावर वैमानिकाने वाऱ्याचा जोर मर्यादेबाहेर असल्याचे सांगितले आणि आम्हाला शेजारच्या पोर्तु सांतू बेटावर नेऊन दोन तास बसवून ठेवले. गंमत अशी की, नऊ किलोमीटर लांबीचा सोनेरी वाळूचा किनारा आहे तो नेमका या पोर्तु सांतूला. मदैराला तसा किनारा जवळजवळ नाहीच; तिथे कडे आहेत, गोटे आहेत आणि काळा लाव्हा आहे. बेटावर सुट्टीला जायचे म्हणजे वाळूत पाय पसरून बसायचे, अशी माझी आणि वहिनीची कल्पना होती. त्या कल्पनेतला किनारा आम्हाला विमानाच्या खिडकीतून दिसला तेवढाच.

दादाची कल्पना निराळी होती. तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला असल्याने त्याने सहा महिने आधीपासून मदैराच्या 'लेवादां'विषयी, म्हणजे तिथल्या डोंगरपाटांविषयी, मिळेल ते वाचून ठेवले होते, आणि आम्हा दोघींना मात्र 'फुलांचे बेट आहे' एवढेच सांगून शेंगेन व्हिसाच्या रांगेत उभे केले होते.

वारा पडल्यावर संध्याकाळी आम्ही उतरलो. हा विमानतळ १९६४ साली सुरू झाला तेव्हा धावपट्टी जेमतेम १६०० मीटरची होती; एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मध्ये ही पट्टी. १९७७ साली एक विमान पावसात पट्टी ओलांडून खाली कोसळले. पुढे २००० सालापर्यंत ही पट्टी २७८१ मीटरपर्यंत वाढवली गेली, पण जमीनच नसल्यामुळे वाढीव भाग समुद्राच्या कडेला १८० काँक्रीटच्या खांबांवर तोलून धरावा लागला. त्या खांबांमधून खालून मोटारी जातात. विमानतळाला आता क्रिस्तियानो रोनाल्दोचे नाव आहे, कारण तो इथलाच. दादाला त्यात काडीचाही रस नव्हता. त्याला खांब मोजायचे होते. परंतु अंधार पडल्यामुळे ते राहून गेले.

फुंशाल हे राजधानीचे शहर समुद्राला पाठ टेकून नव्हे, तर डोंगराला पाठ टेकून बसले आहे, आणि आमची खोली त्या डोंगराच्या बऱ्याच वर होती. रस्ते असे चढे की, भाड्याच्या मोटारीला पहिल्या गिअरशिवाय दुसरा गिअर असतो याचा विसर पडावा. सामान टाकल्यावर खिडकी उघडली तर खालून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. दादा मोबाइलचा उजेड घेऊन खाली गेला आणि परक्या मुलखात गावाकडचे कोणी भेटावे तशा चेहऱ्याने परत आला. "पाट आहे," तो म्हणाला. "रस्त्याच्या कडेनं. जिवंत आहे."

जेवायला कोपऱ्यावरच्या खाणावळीत गेलो. टोमॅटो आणि कांद्याचे गरम सूप, त्यात सोडलेले अंडे, असा इथला साधा प्रकार दादाने आणि मी घेतला. वहिनी अंडेही खात नाही, तिच्यासाठी मक्याचे पीठ शिजवून, थापून, चौकोनी तुकडे तळलेले 'मील्यु फ्रीतु' आले. कोथिंबीर वडीची आठवण व्हावी असा तो प्रकार असतो, मात्र चरबीत तळला आहे की तेलात, एवढे आधी विचारून घ्यावे. आणि त्याबरोबर एक जाड, गोल, तव्यावर भाजलेली रोटी आली. गव्हाच्या पिठात रताळे कुस्करून ती करतात, पूर्वी बसाल्टच्या फरशीवर भाजत, आणि मध्ये चिरून लसूण-लोणी भरून गरम गरम देतात. तिचे नाव स्थानिक उच्चारात 'बोलु दु काकु'. वाढणाऱ्या मुलाने ते नाव उच्चारताच वहिनीने अत्यंत गंभीरपणे, "बोलू द्या, काकू ऐकते आहे," असे उत्तर दिले. पुढचे सहा दिवस आम्ही त्या रोटीला काकूच म्हणत होतो.

दुसरा दिवस : बाजार आणि तळघर

फुंशाल हे नाव 'फुंशु' म्हणजे बडीशेपेवरून पडले. १४१९ साली पोर्तुगीज दर्यावर्दी या बेटावर आले तेव्हा इथे माणूस नव्हता. होते ते दाट रान. 'मदैरा' याचा अर्थच लाकूड. रान तोडले गेले, जाळले गेले, आणि पुढच्या काही दशकांतच इथे उसाचे मळे उभे राहिले, ज्यांत बाहेरून पकडून आणलेल्या गुलामांकडून काम करून घेतले जात असे. शहराच्या चिन्हात आजही साखरेच्या ढेपा आहेत. ऊस, पाट आणि ढेप या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात ते ठिकाण आपल्याला परके वाटायचे कारण नाही, असे दादाने सकाळच्या कॉफीबरोबर जाहीर केले.

शेतकऱ्यांचा बाजार, 'मेर्कादु दुश लाव्रादोरिश', १९४० साली बांधलेल्या इमारतीत भरतो. दारावर रंगीत चिनी मातीच्या फरशांची चित्रे आहेत, आत शिरताच पट्ट्यापट्ट्यांचे घागरे नेसलेल्या फूलवाल्या बसतात, आणि तळाशी मासळीबाजार आहे. तिथे काळ्या चामड्याच्या पट्ट्यासारखा लांबलचक, मोठ्या डोळ्यांचा आणि करवतीसारख्या दातांचा मासा ओळीने मांडलेला दिसतो, तो 'इश्पादा'. दिवसा समुद्रात सुमारे एक हजार मीटर खोल राहणारा हा मासा लांब दोरांना हजारो गळ लावून पकडतात, आणि वर येताना दाब कमी झाल्याने तो बोटीवर पोहोचण्याआधीच मेलेला असतो. त्याच्याकडे पाहून भूक लागणे अवघड आहे. ती कशी लागते, ते सहाव्या दिवशी सांगते.

फळांच्या बाबतीत आम्ही मात्र सपशेल फसलो, तेही बाजारात नव्हे, जवळच्या गल्लीतल्या एका दुकानात. दुकानदाराने पॅशनफ्रूटच्या चार-पाच जाती कापून प्रत्येकीचा एकेक चमचा चाखायला दिला. टोमॅटोच्या चवीचे, केळ्याच्या चवीचे, अननसाच्या चवीचे, आणि सगळे मधासारखे गोड. आम्ही अर्धा किलो घेतले, अठरा युरो मोजले, आणि खोलीवर येऊन कापले तर चिंचेसारखे आंबट. चाखायला दिलेल्या फळांत साखर मिसळलेली असावी, हे दादाला तेव्हा सुचले. तेव्हा चाखायचे फळ आपल्यासमोर अख्खे कापून घ्यावे, आणि दर आधी विचारावा.

त्या पिशवीतले एक फळ मात्र पैसे वसूल करून गेले. हिरव्या मक्याच्या कणसासारखे दिसणारे, अंगावर षटकोनी खवले असलेले हे फळ, आपण दिवाणखान्यात कुंडीत लावतो त्या भोके पडलेल्या पानांच्या मॉन्स्टेराचे. इथे त्याला केळ-अननस म्हणतात. हे अळूच्याच कुळातले असल्याने कच्चे खाल्ले तर अळूसारखेच घसा खाजवते. म्हणून ते उभे करून ठेवायचे आणि एकेक खवला आपोआप सुटून पडेल तेवढाच भाग खायचा. आम्ही ते खिडकीत पेल्यात उभे ठेवले होते. रोज सकाळी तळाचे दोन-तीन पेर उघडे पडत, आणि रोज सकाळी आम्ही तिघे चमच्यांनी ते वाटून घेत असू. चव नावाप्रमाणेच, दोन्हींच्या मध्ये कुठेतरी.

दुपारी एका मद्याच्या जुन्या कोठारात गेलो. वहिनी सोबत आली ती थंडाव्यासाठी. मदैराचे मद्य जगप्रसिद्ध झाले ते एका अपघाताने. जहाजांवर लादलेली पिंपे विषुववृत्ताच्या उन्हात तापत, आणि परत आलेले मद्य बिघडण्याऐवजी अधिक चांगले लागे. मग मुद्दाम पिंपे भारताकडे जाणाऱ्या जहाजांवर चढवून, फिरवून परत आणली जाऊ लागली. असे फिरून आलेले मद्य म्हणजे 'व्हीन्यु दा रोदा'. आता तो प्रवास कोणी करत नाही. साध्या प्रतीचे मद्य किमान तीन महिने टाक्यांत ऊब देऊन तयार करतात, आणि उंची प्रतीची पिंपे माळ्यावर, कौलांखालच्या उष्णतेत वर्षानुवर्षे ठेवून देतात. सर्सियाल, व्हेर्देल्यु, बुआल आणि माल्वाझिया अशा क्रमाने कोरड्याकडून गोडाकडे जायचे. मला बुआल आवडले. दादा म्हणाला की, सगळ्यांना मनुकांचा वास येतो आहे.

बाहेर पडताना 'बोलु द मेल' नावाचा काळा, जड केक विकत घेतला. नावात मध असला तरी प्रत्यक्षात तो उसाच्या काकवीत करतात. लवंग, दालचिनी आणि सुकामेवा त्यात असतो, ८ डिसेंबरच्या सुमारास नाताळासाठी तो भाजायची रीत आहे, आणि तो महिनोन् महिने टिकतो. सुरीने कापायचा नाही, हाताने मोडायचा, असे दुकानातल्या बाईंनी दोनदा बजावून सांगितले.

तिसरा दिवस : पाट

या सहलीत एकच दिवस हाती असता तर मी हाच ठेवला असता.

मदैरा ५७ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त २२ किलोमीटर रुंद आहे. एवढ्याशा जागेत मधोमध १८६२ मीटरचे शिखर उभे आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा दोनशे मीटरहून अधिक उंच. ईशान्येकडून येणारे वारे समुद्रावरचा ओलावा घेऊन उत्तरेच्या उतारांवर आदळतात, तिथे ढग अडतात, पाऊस पडतो, धुके साचते. दक्षिण बाजू मात्र डोंगराच्या आडोशाला असल्याने कोरडी, उबदार आणि उन्हाची. ऊस, द्राक्षे, केळी आणि माणसे दक्षिणेला, पाणी उत्तरेला. पंधराव्या शतकापासून इथल्या लोकांनी या एका अडचणीवर जे उत्तर खोदत आणले ते म्हणजे लेवादा. दीड-दोन हात रुंदीचे, डोंगराच्या अंगाने जवळजवळ सपाट वाटावे इतक्या मंद उताराने जाणारे हे पाट. सगळ्यांची लांबी मिळून दोन हजार किलोमीटरहून अधिक भरते. विसाव्या शतकात सरकारने लांब पल्ल्याचे पाट खोदले, त्यांचे पाणी आधी वीजघरात आणि मग शेतात जाऊ लागले. पाटाची देखभाल करणाऱ्यांना चालता यावे म्हणून जी चिंचोळी कड ठेवत, तीच आज पर्यटकांची पायवाट आहे.

आम्ही निवडलेली वाट 'काल्देइराऊं व्हेर्द'ची, म्हणजे हिरव्या कढईची. ती सांतानाजवळच्या केइमादाश येथून निघते आणि साडेसहा किलोमीटरवर धबधब्याशी संपते. तेवढेच परत यायचे. या वाटांसाठी आता आधी ऑनलाइन नोंदणी करून थोडे शुल्क भरावे लागते. वाट बंद आहे की चालू, तेही आदल्या दिवशी पाहून घ्यावे, कारण पावसाने दरड आली की ती लगेच बंद करतात. विजेरी हवीच, कारण वाटेत चार बोगदे आहेत.

सुरुवातीला वाट रुंद आहे, आणि मग ती हळूहळू एका माणसापुरती उरते. एका हाताला पाटाचे पाणी, दुसऱ्या हाताला तारेचे कुंपण आणि त्यापलीकडे काहीच नाही. खाली कितीतरी खोल झाडांचे शेंडे आणि त्यांतून वर येणारे धुके. समोरून कोणी आले की एकाने पाटाच्या भिंतीवर चढून उभे राहायचे. हे पाट खोदणारे लोक कड्यावरून दोराने सोडलेल्या टोपल्यांत बसून खडक फोडत असत, असे सांगतात. तिथे उभे राहिल्यावर दुसरा काही मार्ग असेल असे वाटतही नाही.

अर्ध्या वाटेवर दादा थांबला. त्याने पट्टी काढून पाटाची रुंदी मोजली, ती ५० सेंटिमीटर. काठी बुडवून पाण्याची खोली पाहिली, ती ३० सेंटिमीटर. मग सहा मीटरवर वहिनीला उभे केले, लॉरेलचे एक पडलेले पान पाण्यावर सोडले आणि घड्याळाकडे पाहिले. पान वळणे घेत, भिंतीला एकदा चाटून, वहिनीच्या बुटाशी पोहोचायला बारा सेकंद लागली. दादाने पुन्हा एक पान सोडले, पुन्हा बाराच सेकंद. पृष्ठावरचे पाणी तळापेक्षा जोरात धावते म्हणून थोडे वजा करून त्याने तोंडातल्या तोंडात गुणाकार केला आणि म्हणाला, "सेकंदाला साठ-पासष्ट लिटर. म्हणजे सव्वादोन क्यूसेक." वहिनीने विचारले, "अहो, मग हे जास्त की कमी?" दादा म्हणाला, "मोटार नाही, पंप नाही, आणि दिवसरात्र वाहतंय. तूच ठरव."

हे पाणी येते कुठून, हे पाहायला मान वर करावी लागते. भोवतालचे रान म्हणजे 'लौरिसिल्वा', लॉरेलच्या कुळातल्या झाडांचे सदाहरित जंगल. लाखो वर्षांपूर्वी दक्षिण युरोपात असे रान पसरलेले होते, ते हवामान बदलताच तिथून नाहीसे झाले आणि अटलांटिकातल्या अशा मोजक्या बेटांवर तगून राहिले. त्यातला सर्वांत मोठा शिल्लक तुकडा इथे आहे. सुमारे पंधरा हजार हेक्टरचा हा पट्टा युनेस्कोने १९९९ साली जागतिक वारसा म्हणून नोंदवला. झाडांच्या फांद्यांवर शेवाळ इतके जाड की खोड दिसत नाही. धुके त्या पानांवर आणि शेवाळावर साचते आणि पाऊस नसतानाही थेंबथेंब गळत राहते. ज्वालामुखीचा सच्छिद्र खडक ते मुरवून घेतो आणि पुढे झऱ्यांतून सोडतो. झाडांनी धुक्यातून पाणी गाळायचे, खडकाने साठवायचे, आणि माणसाने फक्त वाट दाखवायची, असा हा कारभार आहे.

बोगदे बुटके, ओले आणि थंड. कोणत्याही बोगद्यात पूर्ण ताठ उभे राहायचे नाही, हा धडा मला दुसऱ्यातच कपाळावर मिळाला. शेवटच्या बोगद्यानंतर काही वेळाने वाट वर चढते आणि समोर हिरव्या भिंतींची कढई उघडते. सुमारे शंभर मीटरवरून पाणी तळ्यात पडते, त्याचे तुषार दूरवर येतात. तिथे खडकावर बसून आम्ही शिदोरी सोडली तेव्हा चिमणीएवढे फिंच पक्षी थेट बुटांवर येऊन बसले. एकाने वहिनीच्या हातातल्या काकूचा तुकडा उचलला आणि पाटाच्या भिंतीवर बसून सावकाश खाल्ला.

जाऊन-येऊन सहा तास लागले. वाटेतल्या सांतानाची तिकोनी, गवताने शाकारलेली, लाल-निळ्या चौकटींची घरे परतताना पाहिली. ती सुबक आहेत, पण आता बहुतेक दाखवण्यापुरती उरली आहेत.

चौथा दिवस : पाय दुखले

सकाळी पाऊस होता आणि पोटऱ्या बोलत होत्या, म्हणून केबल कारने मोंत गावी गेलो. तिथल्या चर्चच्या चौऱ्याहत्तर पायऱ्या मी मोजून चढले. आत ऑस्ट्रियाचा शेवटचा सम्राट कार्ल याची शवपेटी आहे. पहिल्या महायुद्धानंतर राज्य गेले, त्याला या बेटावर पाठवण्यात आले, आणि एप्रिल १९२२ मध्ये तो न्यूमोनियाने इथे वारला.

चर्चच्या पायथ्याशी वेताच्या घसरगाड्या उभ्या असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चाललेला हा प्रकार म्हणजे लाकडी पट्ट्यांवर बसवलेला वेताचा सोफा, त्याला दोन दोर, आणि मागे पांढरे कपडे व गवती टोपी घातलेले दोन गाडीवान. ते बुटांच्या रबरी तळव्यांनी गाडीला ब्रेक लावत सुमारे दोन किलोमीटर डांबरी रस्त्यावरून खाली नेतात, त्याच रस्त्यावर चौकात मोटारीही असतात. पैशांच्या मानाने करमणूक थोडी आहे, हे माझे मत. वहिनीचे मत विचाराल तर ती पुन्हा बसायला तयार होती.

पाचवा दिवस : पश्चिमेकडे

काबु जिराऊं हा ५८० मीटर उंचीचा कडा. २०१२ पासून त्याच्या टोकाला काचेचा सज्जा आहे. काचेवर उभे राहून खाली पाहिले तर समुद्राच्या काठाशी, कड्याच्या पायथ्याला, रुमालाएवढी शेते दिसतात. कडा ढासळून किंवा लाव्हा साचून तयार झालेल्या अशा सपाट तुकड्यांना 'फाज्यां' म्हणतात, आणि पूर्वी तिथे पोहोचायला होडी किंवा कड्यावरची पायवाट हेच मार्ग होते. माणसांनी तिथेही बांध घालून पीक घेतले.

तिथून डोंगराच्या पोटातल्या बोगद्याने पलीकडे साऊं व्हिसेंतला गेलो. बोगद्यात शिरताना ऊन होते, बाहेर पडताना पाऊस. दादाने सांगितलेला उत्तर-दक्षिण भेद काही मिनिटांत पटला. पुढे पोर्तु मोनीशला लाव्हा समुद्रात शिरताना थिजून जे खळगे झाले, त्यांत भरतीचे पाणी येते आणि पोहण्याची कुंडे तयार होतात. एप्रिलमध्ये पाणी चांगलेच गार असते. दादा आणि मी उतरलो, काळ्या खडकाच्या आड उभे राहिलो, आणि पलीकडे लाट फुटली की तिचा फेस डोक्यावरून कुंडात ओतला जायचा. बाहेर येऊन 'लापाश' खाल्ले. खडकाला चिकटणारे हे शिंपले लोखंडी तव्यात लसूण-लोण्यावर चुरचुरत येतात, वर लिंबू पिळायचे. चवीला तिसऱ्यांच्या जवळ, पण चावायला अधिक चिवट.

परतीच्या चढावर फनालला थांबलो. डोंगरमाथ्यावरच्या कुरणात 'तील' नावाच्या झाडांचे जुने राठ वृक्ष वाकडेतिकडे उभे आहेत, काही शतकानुशतकांचे. छायाचित्रांत धुके असते तसे प्रत्यक्षात मिळेलच असे नाही, पण आम्हाला ते मिळाले, आणि इतके मिळाले की वीस पावलांवरची मोटार शोधायला पंधरा मिनिटे लागली. मधूनच झाडाचे एक खोड समोर येई, त्यावर थेंब गळत असत, आणि पुन्हा नाहीसे होई. एका गाईच्या घंटेचा आवाज येत राहिला. गाय दिसली नाही.

रात्री फुंशालच्या अलीकडे एका गावात जेवलो. तिथली प्रसिद्ध 'इश्पेतादा' गोमांसाची असल्याने आम्ही कोंबडीची मागवली. मीठ, लसूण आणि लॉरेलची पाने लावलेले तुकडे लॉरेलच्याच काठीवर ओवून निखाऱ्यावर भाजतात, आणि ती काठी टेबलावरच्या लोखंडी हुकाला उभी टांगतात. खाली बोलु दु काकु ठेवली की रस तिच्यावर गळतो. काठीचा वास मांसाला लागतो, हे ऐकीव वाटले होते. पण तो खरोखरच लागतो.

सहावा दिवस : पहाट ते रात्र

पहाटे सव्वापाचला निघून पीकु दु अरिएइरुला गेलो. १८१८ मीटर उंचीच्या या शिखरापर्यंत मोटार जाते. खाली फुंशालमध्ये एक सदरा पुरतो, वर मात्र लोकरी टोपी आणि वाऱ्याला अडवणारे जाकीट लागते. एका बेटावर एकाच सकाळी दोन ऋतू बांधून न्यावे लागतात. उजाडले तेव्हा पायाखाली ढगांचा समुद्र होता आणि त्यातून कड्यांच्या काळ्या धारा वर आलेल्या होत्या. या कड्यांच्या कपारीत 'फ्रेइरा' नावाचा समुद्रपक्षी घरटी करतो. फ्रेइरा म्हणजे जोगीण. समुद्री चाच्यांच्या भीतीने १५६६ साली फुंशालच्या जोगिणी खालच्या दरीत लपल्या होत्या, आणि रात्री ओरडणारा हा पक्षी म्हणजे त्यांचे आत्मे, अशी इथल्या धनगरांची समजूत होती. पक्षी नामशेष झाला असे मानले जात होते. १९६९ साली तो पुन्हा सापडला. आजही त्याच्या थोड्याच जोड्या उरल्या आहेत.

तिथून उतरून उत्तर किनाऱ्यावरच्या पोर्तु दा क्रूशला गेलो, कारण तिथला उसाचा जुना कारखाना वसंतात गाळपासाठी सुरू असतो, आणि तो वाफेवर चालतो. दगडी धुराडे, मोळ्या भरलेले ट्रॉले, चरकातून पिळून निघणारे चिपाड, आणि दारापासूनच येणारा तो वास. वहिनीने डोळे मिटले आणि म्हणाली, "आमच्या गुऱ्हाळात आणून सोडलंत मला." फरक एवढाच की, इथे रस कढईत न जाता आंबवणीत जातो आणि त्याची रम होते. गुळाची ढेप मागायला कोणीच नाही, याचे तिला वाईट वाटले.

संध्याकाळी कामारा द लोबुश. बंदरात निळ्या-पिवळ्या-लाल होड्या काठावर ओढून ठेवलेल्या, त्यांच्यावर वाळत घातलेली मासळी, आणि कठड्यावर पत्ते खेळणारे म्हातारे. १९५० सालच्या जानेवारीत विन्स्टन चर्चिल इथे रंगपेटी घेऊन बसला होता, त्याची खूण ठेवलेली आहे. इथले पेय 'पोंशा' : उसाची दारू, मध आणि लिंबाचा रस, दात्यांच्या लाकडी रवीने हाताच्या तळव्यांत फिरवून घुसळलेला. रवी पाहून आम्हाला ताकाची आठवण झाली, पण पहिल्या घोटाबरोबर ती गेली. वळणाच्या रस्त्यावरून मोटार चालवून परत जायचे असेल तर चालवणाऱ्याने ते घेऊ नये. दादाने घेतले नाही.

जेवणात अखेर तो काळा इश्पादा आला, सोललेला, पांढराशुभ्र, पातळ आवरणात तळलेला, आणि त्याच्यावर तळलेले केळे ठेवलेले. मासा आणि केळे हे ऐकून मी नाक मुरडले होते, पण माशाचे मांस इतके मऊ आणि सौम्य असते की केळ्याचा गोडवा त्याच्यावर चढत नाही. वर पॅशनफ्रूटचा आंबट रस्सा असेल तर ताटात तिन्ही चवी एकमेकींना सावरून घेतात. मी दोनदा मागवला. दोन वेळा पाहून आणि तीन वेळा नावे ठेवून झाल्यावर हे लिहिणे भाग आहे.

सातवा दिवस : पाळी

विमान संध्याकाळचे होते. दक्षिण किनाऱ्यावर पोंता दु सोलच्या वर केळीच्या बागा आहेत, समुद्रापासून उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या, दगडी बांधांनी तोललेल्या. इथली केळी लहान आणि गोड असतात, आणि उत्तरेच्या त्या धुक्याचे पाणी शेवटी इथे पोहोचते. आम्ही एका अरुंद पाटाकडेने चालत असताना एक म्हातारे गृहस्थ कुदळ घेऊन पाटात उतरलेले दिसले. त्यांनी लोखंडी पत्रा उचलला, चिंध्या आणि मातीचा गोळा घालून पुढचे तोंड बंद केले, आणि पाणी केळीच्या पहिल्या ओळीत वळवले.

दादा थांबला. भाषेचा प्रश्न होता, तरी मोबाइलवरच्या भाषांतराने आणि बोटांनी बरेच निघाले. पाणी वाटणाऱ्याला इथे 'लेवादेइरु' म्हणतात, तो वेळ ठरवून देतो, आणि आपली पाळी आली की रात्र असो की दिवस, बांधावर हजर राहायचे. यांची पाळी पंधरा दिवसांनी, दोन तासांची. दादाने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवून आपणही हेच काम केले असे सांगितले, मग 'पाटकरी' हा शब्द दोनदा म्हणून दाखवला. म्हाताऱ्यांनी तो एकदा म्हणून पाहिला, मान हलवली आणि कुदळ त्याच्या हातात दिली.

दादाने दुसऱ्या ओळीचे दार फोडले, पहिलीचे बांधले. पाणी थोडे थबकले, पालापाचोळा पुढे ढकलत वळले आणि केळीच्या बुडाशी पसरू लागले. तिसऱ्या ओळीला त्याचा बूट घोट्यापर्यंत चिखलात गेला. निघताना म्हाताऱ्यांनी एक फणी कापून दिली. वहिनीने पिशवीतला बोलु द मेल काढून, सुरी न लावता, मोडून अर्धा त्यांना दिला.

विमानतळाच्या रस्त्यावर धावपट्टीचे खांब दिसू लागले तशी दादाने मोजायला सुरुवात केली. सदतिसावर वहिनीने त्याला बूट पुसायला रुमाल हवा का विचारले, आणि मोजणी चुकली.